सीपीयूवरचा रुमाल काढा

गेल्या मे महिन्यात औशाला मावशीकडं गेलो होतो. दुपारचे तीन, बाहेर कावळासुद्धा दिसत नाही असं ऊन. पाण्याचा तांब्या हातात देता देताच मावशी म्हणाली, "आरं, हे कंप्युटर ईस मिनिटं चालतंय आन् आपोआप बंद पडायलंय. बघ की जरा."

गावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं आणि नवीन घ्यायचा सल्ला दिला होता. मी बैठकीत जाऊन बघितलं. टेबलाखालच्या कप्प्यात सीपीयू (त्या डब्याला सीपीयू म्हणणं चूक आहे, पण अख्खा महाराष्ट्र म्हणतो, तर आपणही म्हणू). त्याची पाठ भिंतीला टेकलेली. वर क्रोशाचा विणलेला रुमाल, मावशीच्याच हातचा. आणि समोर तीन फुटांवर कूलर, थेट त्याच्या तोंडावर सोडलेला, कारण "गरम हुतंय बिचारं."

रुमाल काढला, डबा भिंतीपासून अर्धा फूट पुढं ओढला, कूलरचं तोंड फिरवलं आणि आतली धूळ साफ केली. मदरबोर्ड ठणठणीत होता, अजून आहे.

आमच्या भागात घरचे कंप्युटर व्हायरसनं कमी आणि लाईट, धूळ, ऊन या तिघांनी जास्त मरतात. त्यातूनही जे वाचतात ते नुसते झाकून ठेवलेले असतात. मुलाचा फॉर्म भरायचा, सातबारा काढायचा, परत रुमाल टाकायचा. पुढं जे लिहिलंय ते त्याच क्रमानं: आधी जीव वाचवणं, मग कामं, मग गंमत.

आधी लाईटचं बघू

डीपी जळाली की दोन दिवस, नाहीतर दिवसातून चार वेळा झटका, हे आपल्याला नवीन नाही. घरात इन्व्हर्टर असतो, तरी लाईट गेली की पंखा चालू राहतो आणि कंप्युटर मात्र धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक म्हणतात, इन्व्हर्टरवर कंप्युटर चालत नाही. चालतो. इन्व्हर्टरच्या मागं, बहुतेकदा भिंतीकडच्या अंधाऱ्या बाजूला, एक छोटा खटका असतो. त्याच्या एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको' लिहिलेलं असतं. बसवणारा तो नॉर्मलवर ठेवून जातो. नॉर्मलवर लाईट गेल्यावर बॅटरीकडं वळायला इन्व्हर्टर थोडा जास्त वेळ घेतो. पंख्याला ते कळतही नाही, कंप्युटरला मात्र तेवढा वेळ सोसत नाही. खटका यूपीएसवर टाकला की हा बदल काही मिलिसेकंदांत होतो.

मग सगळे यूपीएसवरच का ठेवत नाहीत? त्यालाही कारण आहे. यूपीएसवर इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत चिकित्सक होतो. साधारण 180 ते 260 व्होल्टच्या बाहेर गेलं की तो लाईट असूनही बॅटरीवर जातो. नॉर्मलवर तो अगदी 100 व्होल्टच्या आसपासही लाईट घेत राहतो. म्हणजे संध्याकाळी सगळ्या गावाच्या मोटारी चालू झाल्यावर तुमच्याकडं दिवा मिणमिणत असेल, तर यूपीएसवर ठेवलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी लाईट असतानाच संपत जाईल. माझा सल्ला: व्होल्टेज बरं असेल तर खटका यूपीएसवर. नसेल तर तो नॉर्मलवर राहू द्या आणि कंप्युटरला स्वतःचा 600 व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. तो दहा-पंधरा मिनिटं देतो. सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुरतं, पिक्चर बघायला नाही. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. लाईट गेल्या गेल्या यूपीएस टीं टीं करून लगेच मान टाकत असेल तर तीच वेळ आलीय असं समजा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला लावू नका, तो सुरू होताना इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

आता अर्थिंग. सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, चप्पल घातली की येत नाहीत, असं होत असेल तर भूतबाधा नाही. आतल्या एसएमपीएसच्या (म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतच असतो. तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा. घराला अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनी प्लगची मोठी पिन कोणी कापून ठेवली असेल (मी दोन घरांत बघितलीय), तर तो तुमच्या अंगातून वाट काढतो. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. स्वतः तार जोडायला जाऊ नका, नळाच्या पाइपला तर अजिबात नाही. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर मार्च ते जून आठ-पंधरा दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओता. काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं.

धूळ: दिवाळीत एकदा, मे लागायच्या आधी एकदा

काळ्या रानाची धूळ पिठासारखी बारीक असते. ती आतल्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत बसते आणि कूलरच्या ओल्या हवेनं तिचा लगदा होतो. मग प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून कंप्युटर स्वतःच बंद पडतो. मावशीचा पडत होता तो असा. हे काम अर्ध्या तासाचं आहे:

1. कंप्युटर बंद करा, सगळ्या वायरी काढा. कोणती कुठं होती याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर शेवटी एक वायर हातात उरते. वायर काढल्यावर चालू करायचं बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो.
2. डबा अंगणात न्या. मागच्या बाजूचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा मागं सरकतो.
3. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगावरची स्थिर वीज तिथं उतरते. टेरिकॉटचा शर्ट घालून हे करू नका.
4. पंख्याचं पातं बोटानं धरा आणि रंगाच्या नव्या कोरड्या एक इंची ब्रशनं धूळ सैल करा. मग ब्लोअर मारा. पातं धरायचं विसरू नका. ब्लोअरनं पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. ओला कपडा तर नकोच.
5. एसएमपीएस म्हणजे मागच्या वायरीचा चौकोनी डबा. त्याला बाहेरूनच ब्लोअर मारा, उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देऊ शकतात.

डबा उघडलाच आहे तर आणखी दोन गोष्टी.

पहिली. बटन दाबल्यावर पंखा फिरतो, बीप बीप असा आवाज येतो, पण पडद्यावर काहीच नाही. यात शंभरातल्या बऱ्याच वेळा दोष रॅमचा असतो, आणि तोही कळकट संपर्काचा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मागं ढकला, रॅमची पट्टी वर काढा, खालच्या सोनेरी रेघा शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासा, भुगा झटका आणि खाच बघून परत बसवा. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला पाहिजे. अर्धी बसलेली रॅम हा दुरुस्तीवाल्यांचा अर्धा धंदा आहे.

दुसरी. रोज सकाळी कंप्युटर तारीख विसरतो, भलतंच जुनं साल दाखवतो आणि मग बँकेची किंवा फॉर्मची साइट उघडताना कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून लाल इशारा येतो. लोक नेटवाल्याला फोन करतात. नेटचा संबंध नाही. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमच्या कंप्युटरच्या मते आज ती मुदत सुरूच झालेली नाही. मदरबोर्डवर चांदीच्या रुपयासारखा गोल सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. तो बदला, तारीख लावा, इशारा गेला.

बंद केलं म्हणजे बंद झालं असं नाही

विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळं 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढं चालू होते. म्हणजे कालचा गोंधळ आज तसाच. प्रिंटर सापडत नाही, आवाज गेला, सगळं मंद झालं, तर शट डाउन करून उपयोग नाही, 'रीस्टार्ट' करा. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी खरंखुरं बंद होतं.

वर्ड वापरत असाल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं जाऊन ऑटोरिकव्हरची मिनिटं 10 वरून 2 वर आणा. ही 10 मिनिटं ज्यांनी ठरवली त्यांच्याकडं लाईट जात नसावी.

फॉर्मचा फोटो आणि सही

आपल्याकडं घरात कंप्युटर येतो तोच मुळात यासाठी. लातुरात शिकवणीला ठेवलेल्या पोराची प्रवेश परीक्षा असो, बँकेची असो की शिष्यवृत्ती, फॉर्म अडतो तो फोटोवर. फाइल मोठी आहे, फाइल लहान आहे, माप चुकलं. आणि शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता झेरॉक्सचं दुकान बंद असतं. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत मापं साधारण अशी असतात: फोटो 200 बाय 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी, सही 140 बाय 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी. तुमच्या फॉर्मची मापं त्याच्या सूचनांत बघा. पद्धत सगळीकडं एकच आहे आणि ती विंडोजमधल्या साध्या पेंटमध्ये होते.

1. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं करा. रेघी वहीचं पान नको. दिवसाउजेडी, मोबाइलची सावली पडणार नाही असा फोटो काढा.
2. तो कंप्युटरवर आणताना व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला आधीच पिळून काढतं.
3. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', पेंट. सिलेक्टनं सहीभोवती घट्ट चौकट ओढा आणि 'क्रॉप'. इथं आळस करू नका. पांढरी जागा जास्त राहिली की सही मुंगीएवढी दिसते.
4. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा. छोटी खिडकी उघडेल, तिच्यात 'पिक्सेल्स' निवडा. आडवं माप टाकलं की उभं आपोआप येतं. ते हव्या मापाशी जुळत नसेल तर आधी त्या प्रमाणात क्रॉप करा. प्रमाणाची खूण काढून चेहरा ताणू नका. हॉल तिकिटावर ओळख पटवताना तुमचीच पंचाईत होते.
5. एफ 12 दाबून 'सेव्ह ॲज', प्रकार जेपेग. नाव नवीन द्या, मूळ फोटोवर सेव्ह करू नका. नाव इंग्रजीत आणि मधे जागा न सोडता ठेवा, काही साइट मराठी नाव घेत नाहीत.
6. फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', किती केबी ते बघा. जास्त असेल तर पिक्सेल कमी करून पुन्हा. कमी असेल तर पिक्सेल वाढवा, पण मूळ फोटोपासून सुरुवात करून. लहान केलेला फोटो पुन्हा मोठा केला की तो फक्त पुसट होतो.

चार-पाच गुणपत्रिकांची एकच पीडीएफ मागितली असेल तर सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, नावं 1, 2, 3 अशी द्या (एफ 2 दाबलं की नाव बदलता येतं), सगळे निवडा, राइट क्लिक, 'प्रिंट', आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. यासाठी अनोळखी साइटवर आधार कार्ड चढवायची काही गरज नाही.

एकदा झालं की हे सगळं 'फॉर्म' नावाच्या फोल्डरमध्ये पोराच्या नावानं ठेवा, आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर व एक ईमेलवर. पुढच्या वर्षी पुन्हा लागणारच आहे.

मराठी टाइप करायला महिनाभर रडा, मग आयुष्यभर नाही

जुन्या लोकांनी कंप्युटरवर मराठी लिहिलं ते कृतिदेवसारख्या फॉन्टांत. त्या फॉन्टात मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात. म्हणून तीच फाइल दुसरीकडं उघडली की 'क'च्या जागी भलतीच चिन्हं. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे 'क'च, मोबाइलवर, मेलवर, गुगलवर कुठंही. आज नव्यानं शिकत असाल तर युनिकोडच शिका.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथं भाषा, 'ॲड अ लँग्वेज', मराठी. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल. कीबोर्ड दोन प्रकारचे मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटते, ते पहिल्या दिवशी जमतं. दुसरा इनस्क्रिप्ट, सरकारी मानक. तो पहिल्या दिवशी जमत नाही आणि तरी मी तोच शिकायला सांगतो, कारण त्याची मांडणी बाराखडीच्या अकलेनं केलीय. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजनं. के दाबलं की 'क', शिफ्टसह 'ख'. आय दाबलं की 'ग', शिफ्टसह 'घ'. पाय मोडायला डी.

पहिल्या दिवशी फक्त 'लातूर' लिहा: एन, ई, एल, टी, जे. ल, काना, त, दीर्घ उकार, र. मग 'परभणी': एच, जे, शिफ्टसह वाय, शिफ्टसह सी, आर. प, र, भ, ण, दीर्घ वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी एफ वर आहे, आणि ती अक्षराच्या नंतर दाबायची, डोळ्यांना आधी दिसत असली तरी. 'शेतकऱ्याला' मधला 'ऱ्या' भल्याभल्यांना सापडत नाही. शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा 'य', मग ई. आता 'शेतकर्‍याला' असं मोडकं काही उमटणार नाही.

रोज पंधरा मिनिटं, महिनाभर. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडावं, 'टूल्स'मध्ये 'व्हॉइस टायपिंग', भाषा मराठी, आणि बोलावं. माझ्या तात्यांनी असंच तीन पानी तक्रार अर्ज बोलून लिहिला. मधेच शेळी ओरडली त्याचाही एक शब्द झाला, तो तेवढा खोडावा लागला.

बोटांच्या सवयी

सगळ्या कळा पाठ करायची हौस मला नाही. ज्या रोज लागतात त्या एवढ्याच. चुकलं की कंट्रोल झेड. चुकून बंद झालेली टॅब परत आणायला कंट्रोल, शिफ्ट, टी. पडद्याचा तुकडा कापून घ्यायला विंडोज, शिफ्ट, एस: पैसे भरल्याची पावती दिसताक्षणी हे करा, प्रिंट निघायच्या आधी नेट गेलं तरी पुरावा हातात राहतो. आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली: विंडोज आणि व्ही. पहिल्यांदा ती सुरू करायला परवानगी मागते. मग तुम्ही कॉपी केलेल्या मागच्या 25 गोष्टी दाखवते. फॉर्म भरताना नाव, पत्ता, खाते क्रमांक एकदाच कॉपी करायचे आणि हवं ते निवडत जायचं. पासवर्ड मात्र असा कॉपी करू नका, तोही त्या यादीत बसतो.

आबांना बारीक अक्षर दिसत नाही? विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबा, अख्खा पडदा भिंगाखाली येतो. बंद करायला विंडोज आणि एस्केप.

पेनड्राइव्हचा गोवर

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलं आणि घरी बघितलं तर सगळ्या फाइल गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट. फाइल गेलेल्या नसतात, व्हायरसनं लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलंत की तो तुमच्या कंप्युटरमध्ये शिरला. काहीही न उघडता ड्राइव्हवर राइट क्लिक करून विंडोज सिक्युरिटीचा स्कॅन चालवा. मग फोल्डरच्या 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटेम्स' दाखवायला सांगा. तरी दिसल्या नाहीत तर 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये संरक्षित सिस्टिम फाइल लपवण्याची खूण तात्पुरती काढा. आपल्या ओळखीच्या फाइल तेवढ्या कॉपी करून घ्या, पेनड्राइव्ह फॉर्मॅट करा आणि ती खूण परत टाका. दुकानासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, ज्यात छापायची पीडीएफ सोडून काही नाही.

आणि पडदाभर लाल पाटी येऊन, भोंगा वाजवून, 'तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' म्हणत असेल तर फोन करू नका. ऑल्ट आणि एफ 4 दाबा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी पडदा दाखवणारं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात.

जुना झालाय, टाकू का?

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मिळणारी सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि बऱ्याच जुन्या डब्यांवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही. विकायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाका. मंद कंप्युटरवर करायचा हा एकमेव खर्च आहे जो पहिल्याच दिवशी जाणवतो. आणि लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्हवरून चालवून बघा, काहीही न पुसता. फक्त नेट, पत्ते आणि टायपिंग करणाऱ्या घराला त्यात काही कमी पडत नाही. डिजिटल सहीची डोंगल किंवा टॅली लागत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

आता रिकामी दुपार

नेट गेलं की क्रोममध्ये एक डायनासोर दिसतो. 2014 पासून तो तिथं आहे. स्पेसबार दाबा, तो धावायला लागतो, निवडुंगावरून उड्या मारायच्या. 700 गुण झाले की रात्र पडते. बनवणाऱ्यांनी तो संपायला 1 कोटी 70 लाख वर्षं लागतील असा बेत केलाय. आमच्याकडचं नेट बघता ते पुरेल.

पत्त्यांतला फ्रीसेल जुन्या विंडोजमध्ये असायचा. त्यात 32,000 डाव क्रमांकानं दिलेले होते आणि लोकांनी एकेक करून ते सोडवले. फक्त 11982 नंबरचा डाव सुटत नाही. माझ्या भाच्याला मी हे सांगितलं नाही, नुसता नंबर दिला. आठवडाभर घर शांत होतं.

नोटपॅडची एक जुनी गंमत हिशेबाला फार उपयोगी. नवीन फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब आणि लगेच कॅपिटल अक्षरांत एल, ओ, जी एवढं लिहा, सेव्ह करा, बंद करा. आता ती फाइल जेव्हा जेव्हा उघडाल तेव्हा शेवटी त्या क्षणाची तारीख आणि वेळ आपोआप उमटते. दुधाचा हिशेब, पाऊस किती झाला, बोअरला पाणी किती वेळ टिकलं, काहीही लिहीत जा. एफ 5 दाबलं तरी तारीख येते.

गुगल अर्थवर मात्र अख्खी सुट्टी जाऊ शकते. गुगल अर्थ प्रो 2015 पासून फुकट आहे. वेरूळचं 16 नंबरचं लेणं, म्हणजे कैलास, वरून बघा. डोंगर वरून खाली कोरत आणून मंदिर उभं केलंय हे जमिनीवर उभं राहून नीट समजत नाही, आकाशातून तो खड्डा दिसला की समजतं. नळदुर्गाला बोरी नदी कशी वळवून घेतलीय ते बघा. मग घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून मागच्या वर्षांची चित्रं चाळत धनेगावच्या मांजरा धरणावर या. ज्या 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आगेमागेचं पाणी किती मागं सरकलं होतं ते पोरांना दाखवा. पट्टीचं चिन्ह घेऊन, 'पॉलिगॉन' निवडून आपल्या शेताच्या बांधाबांधानं टिंबं देत गेलं की क्षेत्रफळ निघतं. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, एक एकर म्हणजे 40 गुंठे. शेजाऱ्याशी बांधाचं भांडण चालू असेल तर हे करू नका. या मोजणीला कागदावर किंमत नाही, पण डोकं भडकायला पुरेशी आहे.

मावशीला यातलं काही नको होतं. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, तिच्या आईकडून आलेल्या, आणि वहीत कुठंच नाहीत. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आहे. त्यातल्या चार तिला ऐकवल्या तर म्हणाली, "ही चाल आमच्याकडं न्हाई असली." मग मी माइकवाला हेडफोन लावला, स्टार्टमध्ये शोधून साउंड रेकॉर्डर उघडला (विंडोज 10 मध्ये त्याला व्हॉइस रेकॉर्डर म्हणतात), लाल बटन दाबलं आणि तिला नुसतं गा म्हटलं. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुस्स आवाज येत नाही. एकेक ओवी वेगळी फाइल, नावात तारीख आणि पहिले दोन शब्द. ॲप आपणहून डॉक्युमेंट्समधल्या 'साउंड रेकॉर्डिंग्ज' फोल्डरमध्ये ठेवतं. तिथून एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मामेबहिणीच्या मेलवर.

सहाव्या ओवीच्या मधेच लाईट गेली. कूलर थांबला. इन्व्हर्टरचा खटका मी आधीच यूपीएसवर टाकला होता, त्यामुळं रेकॉर्डिंग चालूच राहिलं. त्या फाइलमध्ये एक ओळ संपते, कूलरची घरघर विझत जाते, आणि मावशीचा आवाज येतो, "गेली का रं लाईट?" आणि मग पुढची ओळ, आता एकदम स्वच्छ.